डोळे उघडायच्या आत

"असल्या पोरांना ना, डोळे उघडायच्या आत नदीत सोडायला हवं. मांजरीच्या पिलांसारखं," डॉक्टर फॉय म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला. नेल्डा प्रुएटनं कॉफी ओतली. वर बोटभर जागा ठेवून ओतली, कारण डॉक्टरांना दूध लागतं आणि हे तिच्या हाताला ठाऊक होतं. हात त्याचं काम करत राहिला. बाकी सगळी नेल्डा मात्र त्या वाक्यापाशी उभी राहिली. तिनं मर्विनचा कप भरला, हॉयटचा भरला, भांडं शेगडीवर ठेवलं, स्वयंपाकघरातल्या डेल्फीनला म्हणाली, "दोन मिनिटं बघ गं पुढचं," आणि मागच्या थंड खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. अंड्यांचे खोके होते, लोण्याचे पुठ्ठे होते. बाहेर ब्रॅसफील्डमध्ये सप्टेंबर संपत आला तरी सकाळी आठलाच अंगाला कपडे चिकटत होते. आत तिच्या तोंडातून वाफ निघत होती. ते वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. असंच नव्हे, हेच. नदी, पिलं आणि ते मिटलेले डोळे, त्याच क्रमानं.

सोमवारी सकाळी ते टेबल त्या तिघांचं असे, गेली अकरा वर्षं. शनिवारी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, रविवारी चर्च आणि सोमवारी नेल्डाच्या न्याहारीच्या दुकानात पंचनामा. हॉयट बॅस्कम काउंटीच्या रस्त्यांवर रोलर चालवायचा आणि त्या रोलरवर बसूनच बोलल्यासारखा बोलायचा. मर्विन टेटचं न्हाव्याचं दुकान दोन दारं पलीकडे होतं. आणि ऑल्डन फॉय म्हणजे दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं गावाच्या तोंडात हात घालून आता निवृत्त झालेले, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे, हळू बोलणारे. आजही सुरुवात हॉयटनंच केली होती. "चार सामने, तीन पराभव! आणि जिंकलो ते कोणाशी? ज्यांचं कॉलेज शोधायला आधी नकाशा काढावा लागतो त्यांच्याशी!" मर्विन म्हणाला, "बचाव वाईट नाहीये रे. शेवटच्या पंधरा मिनिटांत दमतात, एवढंच." "दमतात? उन्हाळाभर काय केलं मग, आइस्क्रीम खाल्लं?" "अजून आठ सामने आहेत. आठातले पाच जिंकलो तरी डिसेंबरचा मोठा सामना मिळतो." "मर्विन, तू न्हावी आहेस का ज्योतिषी, एकदा ठरव बाबा." मग गाडी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर आली. एकोणीस वर्षांचं पोर, शनिवारी तीनदा चेंडू प्रतिपक्षाच्या हातात फेकलेला. हॉयटनं त्याला गाढव म्हटलं, मर्विननं बिचारा म्हटलं, आणि डॉक्टर चमच्यानं दूध ढवळत, अगदी हवापाण्याविषयी बोलावं तसं, ते वाक्य बोलले.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना. त्या सामन्यासाठी या गावात लग्नाच्या तारखा पुढे ढकलतात. तीन सेकंद उरलेले, एका गुणानं मागे, आणि एकतीस यार्डांवरून लाथेनं चेंडू दोन खांबांच्या मधून काढायचा. ते काम लाइलचं. तिच्या लाइलचं. त्या वर्षी पंधरातले चौदा त्यानं काढले होते. तो एकटा चालत मैदानात आला तेव्हा चाळीस हजार माणसं इतकी गप्प झाली की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू आली. नेल्डाला त्याच्या मानेवरचा फोड आठवला, सकाळी तिनंच मलम लावलेला. मग पाय, मग चेंडू, मग डाव्या खांबाच्या हातभर बाहेरून जाणारी ती तपकिरी वस्तू. एकदम आवाज झाला नाही. आधी नुसता श्वास सुटला, चाळीस हजारांचा एकच, आणि त्या श्वासात तिच्याही तोंडून एक शब्द गेला. "गाढवा." कोणी ऐकला नाही. शेजारच्या बाईनं तर तिचा हात हातात घेतला. पण तो शब्द गेला होता, आणि ज्या वेगानं तो गेला त्या वेगाबद्दल नेल्डाला नंतर कधीही कोणाजवळ बोलता आलं नाही.

त्यानंतर पत्रं. फोनवर शिव्या यायच्या त्या येतच होत्या. पण काही माणसं जुन्या वळणाची असतात, त्यांना कागद लागतो, तिकीट लागतं. पोस्टमन रबर लावलेला गठ्ठा पत्रपेटीत टाकायचा आणि ती दिसली तर मान वळवायचा. ती लाइलच्या आधी उठून पत्रपेटीपाशी जाई, दुकान उघडायच्या आधी गाडीत बसून सगळी वाची आणि कचऱ्याच्या पिंपात टाकी. लाइल वसतिगृह सोडून घरी आला होता आणि त्याच्या खोलीचा पडदा महिनाभर उघडला नव्हता. एके दिवशी तो तिच्या आधी उठला. ती आली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्यानं जाड, सायीच्या रंगाचा एक कागद हातात धरला होता. त्यानं तो तिला वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तशा सपाट आवाजात. तुझ्या आईनं तुला डोळे उघडायच्या आत नदीत सोडायला हवं होतं, मांजरीच्या पिलासारखं. तिच्या हातून तेवढं एक पुण्य झालं असतं. खाली आणखी चार ओळी होत्या, त्याही वाचल्या. मग वर बघून म्हणाला, "जमलं असतं का गं आई तुला?" आणि हसला. ते हसू अजून तिच्या स्वयंपाकघरात कुठंतरी होतं. ओटा पुसताना कधी कधी तिच्या हाताला लागायचं. जानेवारीत तो अलास्काला गेला, मासे साफ करायच्या कारखान्यात. वर्षातून दोन फोन, नाताळला आणि तिच्या वाढदिवसाला. थंडी आहे. हो, जेवतो. ठेवतो.

तो कागद तेवढा तिनं ठेवला आणि लिहिणारा मनाशी ठरवून टाकला. हॉयट. दुसरं कोण? त्यानं पेट्रोल पंपावर लाइलला गाठून सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, गळ्याच्या शिरा तट्ट फुगवून. झालं, ठरलं. त्या दिवसापासून दर सोमवारी हॉयटच्या ताटात पावाचा कडेचा तुकडा, टोस्ट काळा, कॉफी भांड्याच्या तळची, सफरचंदाचा गोड पाय आदल्या दिवशीचा. उन्हाळ्यात जिथं एसीचं पाणी ठिबकतं ती खुर्ची त्याच्याकडे सरकवलेली. एकदा त्याच्या अंड्यांवर ती मुद्दाम मीठ घालायला विसरली आणि दुसऱ्या खेपेला दोनदा घातलं. तो सगळं खायचा. कधी चकार शब्द नाही. त्याचं खाणं बघताना तिला पोटात ऊब वाटे. सोमवार संपला की ती ऊब जाई आणि पुढच्या सोमवारपर्यंत पुरेल असं काही उरत नसे.

आणि डॉक्टर? डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. लाइल नऊ वर्षांचा असताना सायकलवरून पडून त्याचा पुढचा दात तुटला तेव्हा त्यांनी रविवारी दवाखाना उघडला होता. त्या डिसेंबरात, लाइल खोलीत पडून असताना, ते स्वतः धुरावलेला हॅम घेऊन दारात आले होते. "त्याला सांग, आम्ही सगळे प्रार्थना करतोय." आणि तेव्हापासून दर सोमवारी, न चुकता, "पोरगं कसं आहे?" ती सांगायची. तिला वाटे, विचारणारा हा एकच. ती त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून, फोनवर हाती लागलेलं एवढंतेवढं पुरवून पुरवून, हळू आवाजात सांगायची की हातांना भेगा पडल्यात, की झोप लागत नाही म्हणतो, की केस वाढवलेत. थंड खोलीत अंड्यांच्या खोक्यावर बसून नेल्डाला पहिल्यांदा कळलं की ती काय करत होती. ती त्यांच्या कपात आपल्या पोराचं दुःख भरत होती, दर सोमवारी, वर बोटभर जागा ठेवून.

तरी तिनं खात्री करून घेतली. बुधवारी चर्चच्या सभागृहात रविवारच्या जेवणाची यादी लावलेली असते, कोण काय आणणार त्याची. डॉक्टरांनी आपलं नाव नेहमीसारखं मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं आणि फॉयमधला गोल ओ वरच्या बाजूनं उघडा होता, न जुळलेल्या कड्यासारखा. नेल्डानं पर्समधून कागद काढला. कागदावर असले एकोणीस ओ होते. तिनं ते मोजले, सभागृहात उभं राहून, पियानोवर कोणी भजनाचा सराव करत असताना.

मग ते तीन दिवस. असे दिवस तिला पूर्वी माहीत नव्हते. ती गिऱ्हाइकांना हसून वाढत होती आणि मनात डॉक्टरांची नदीवरची बोट जळत होती. त्यांच्या गाडीच्या टाकीत ती साखर ओतत होती. त्यांच्याच दवाखान्यातल्या खुर्चीत त्यांना बसवून, जबडा पसरून, बत्तीसच्या बत्तीस एकेक करून, आणि सुई न देता. ती दचकून भानावर यायची तेव्हा हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं झालेलं असायचं. त्यांच्या बायकोला सांगावं? ती बिचारी दोन महिन्यांपूर्वी पडली होती, काठी घेऊन चालते. छे. नेल्डाला काय हवं होतं ते शनिवारी संध्याकाळपर्यंत तिला लख्ख कळलं. तिला हवं होतं की ते दिसावेत. ज्या तोंडानं ते प्रार्थना सांगतात त्याच तोंडानं त्यांनी ते वाचावं, आणि लोकांनी बघावं.

तिनं एकच गोष्ट हिशेबात धरली नव्हती. शनिवारी टीम जिंकली. नुसती जिंकली नाही, क्रमवारीतल्या नवव्या संघाला त्यांच्या घरी जाऊन तुडवलं. सोमवारी दुकान उघडताच जत्रा होती. लोक टीमच्या किरमिजी रंगाचे सदरे घालून कामावर निघाले होते, एकमेकांच्या टेबलांवर वाकून बोलत होते. हॉयट आरोळी मारतच आत आला. "आठातले आठ! लिहून ठेवा! आठातले आठ!" "आता सातच उरलेत," मर्विन म्हणाला. "मग सातातले आठ!" डॉक्टर हसत बसले, रुमाल मांडीवर पसरला. "मी म्हटलंच होतं, त्या क्वार्टरबॅकच्या पोरात दम आहे. वेळ द्यावा लागतो मुलांना." नेल्डा तिथंच उभी होती. सात दिवसांपूर्वी नदीत सोडलेलं पोर आज त्यांनी हात घालून बाहेर काढलं, पुसलं, मांडीवर घेतलं. आणि कोणाला काही वाटलं नाही. एक क्षण तिला स्वतःचाच संशय आला. एवढ्या आनंदात आपण हे काय घेऊन उभ्या आहोत, असं. मग तिनं तिन्ही ताटं मांडली, मऊ पावासारख्या बिस्किटांवर गरम ग्रेव्ही वाढली आणि एप्रनच्या खिशातून कागद काढला.

"डॉक्टर, एवढं वाचून दाखवता? माझा चष्मा घरी राहिला."

"आण की." त्यांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि चर्चमधल्या त्यांच्या त्या भरदार आवाजात सुरू केलं. "तुझ्या आईनं तुला डोळे उघडायच्या आत..." तिथं ते थांबले. पुढचं मनात वाचलं असावं, कारण डोळे खाली गेले आणि परत वर आले. शेजारच्या दोन टेबलांवरचं बोलणं बंद झालं.

"पुढं वाचा ना."

"नेल्डा. हे इथं नको."

"इथंच. अक्षर लागत नाही का? तुमचंच आहे."

त्यांनी कागद घडीवर घडी घालून टेबलावर ठेवला. चेहरा पांढरा पडेल असं तिला वाटलं होतं. तो पडला नाही. नुसता थोडा दमलेला दिसला. "त्या रात्री अख्खं गाव वेडं झालं होतं," ते म्हणाले. "लोकांनी टीव्ही फोडले. मी एक पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी मला वाईट वाटलं गं. म्हणून तर हॅम घेऊन आलो."

"हॅम?" नेल्डा म्हणाली. "माझं पोर चार हजार मैलांवर माशांची आतडी काढतंय, आणि तुम्ही हॅम आणलात?"

"आणि दर सोमवारी विचारतो मी. विसरलो का? दोन वर्षांत एकदा तरी?" ते हे मनापासून म्हणत होते. तिला ते स्वच्छ दिसलं आणि तेच सहन होईना. त्यांच्या मनात ते कधीच फिटलं होतं. तिच्याकडूनच, तिच्याच टेबलाशी, थोडं थोडं करून त्यांनी स्वतःला माफ करून घेतलं होतं.

तिनं आधारासाठी मर्विनकडे पाहिलं. मर्विन ग्रेव्हीत काट्यानं रेघा काढत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मर्विन?"

"मी लिहिलं नाही हं काही," तो ताटाला म्हणाला. "फोन केला होता. एकदोनदा. बोललो नाही काही. नुसता धरून ठेवला."

ते फोन तिला आठवले. रात्रभर वाजणारे, आणि उचलले की पलीकडे कोणाचातरी श्वास.

"माझ्याकडे काय बघतेस?" हॉयट एकदम मोठ्यानं म्हणाला. "मी तोंडावर बोललो. पंपावर. सगळ्यांदेखत. पत्रबित्र मला जमत नाही, सही करायची तर जीभ बाहेर येते माझी. आणि बोललो तेही चूक होतं. पण तोंडावर बोललो." त्याच्यापुढचा टोस्ट काळा होता. आठवडाभर खरं माहीत असूनही आज सकाळी तिच्या हातानं सवयीनं तो जाळला होता.

"बाहेर व्हा," नेल्डा डॉक्टरांना म्हणाली. "परत येऊ नका."

तिला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. खुर्ची पडेल, कोणी उभं राहील, आवाज चढेल. डॉक्टरांनी तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, ताटाखाली नोट सरकवली. "बिस्किटं छान झाली होती," असं ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. पेशंटशी गोड बोलायची चाळीस वर्षांची सवय होती. दाराशी एक म्हातारी आत येत होती, तिच्यासाठी त्यांनी दार धरलं, टोपीला हात लावला आणि गेले. काचेतून ते गाडीपाशी किल्ल्या शोधताना दिसले. मर्विन काटा ठेवून त्यांच्यामागून निघाला. मग खिडकीजवळून कोणी म्हणालं, "पण ते दुसरं टचडाउन, काय धावला रे तो!" आणि भांडी पुन्हा वाजू लागली, कॉफी मागितली गेली, आणि नेल्डा त्या आवाजाच्या मध्यभागी उभी होती, हात मोकळे, आत सगळं जसंच्या तसं. दोन वर्षं जपलेली आग तिनं टाकली होती आणि ती ओल्या गवतावर पडली होती.

तिनं हॉयटचं ताट उचललं. "थांब, दुसरा करून आणते."

"राहू दे," तो म्हणाला. "सवय झालीय." मग जरा घुटमळून, "मला वाटायचं तुला टोस्ट येतच नाही."

तिनं दुसरा केला, सोनेरी, कडेपर्यंत लोणी लावून. तो त्यानं पहिल्यासारखाच मुकाट्यानं खाल्ला, आणि तिला कळेना की आता याच्याकडे कुठल्या तोंडानं बघायचं.

दुपारी तीनला दुकान रिकामं झालं तेव्हा तिनं मागच्या दाराशी उभं राहून अलास्काला फोन लावला. तिथं सकाळची सुट्टी असेल. वाढदिवस नाही, नाताळ नाही, त्यानं पहिल्यांदा घाबरूनच विचारलं, "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. लाइल, ते पत्र. नदीचं. कोणी लिहिलं ते कळलं मला."

पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"डॉक्टर फॉय."

"दातवाले?" "माझ्या तोंडात त्यांचा दात आहे, आई."

"हो. आज मी सगळ्यांसमोर वाचायला लावलं त्यांना."

"मग?" त्याचा आवाज जवळ आला, त्यानं फोन दुसऱ्या कानाला घेतला असावा. "मग काय म्हणाले? रडले?"

नेल्डानं तोंड उघडलं. समोर कचऱ्याची पिंपं होती, त्यांच्यावर ऊन होतं. घडी केलेला रुमाल तिला दिसला, टोपीला लावलेला हात दिसला. आपल्या पोराच्या आवाजात दोन वर्षांनी काहीतरी उठून बसलं होतं, आणि ते भुकेलं होतं.

"रडले," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. रुमाल शोधत होते, सापडेना. मग गुडघ्यावर बसले."

"फॉय? त्यांनी तर गुडघा बदललाय."

"म्हणून तर. बसले खरे, पण उठता येईना. हॉयटनं काखेत हात घालून उभं केलं. दोनदा निसटले."

आधी नुसता नाकातून फुटल्यासारखा आवाज आला. मग लाइल हसला. टेबलाशी बसून हसला होता तसा नव्हे. लहानपणी टबमध्ये हसायचा तसा, श्वास अडकून, थांबता न येणारा. नेल्डाही हसू लागली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. पलीकडे सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला, कोणीतरी त्याला हाक मारली. "आलो!" तो ओरडला, आणि मग घाईनं, "आई, ठेवू नको हं. पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."

तिनं दारातली खुर्ची ओढली आणि बसली. "सोमवार होता, दुकान भरलेलं," तिनं सुरुवात केली. आणि या खेपेला तिनं डॉक्टरांना ते पत्र थांबू न देता शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला लावलं.